माझ्या जागी येणारीला काय म्हणू?

ताई, नमस्कार.

मी ऐरोलीला राहतो. रबाळ्याच्या एमआयडीसीत एका कंपनीत २९ वर्षं स्टोअर सांभाळलं, या ३१ तारखेला रिटायर होतोय. साहेब म्हणाले, सगळ्या व्हेंडरांना आणि ट्रान्सपोर्टवाल्यांना इंग्रजीत एक मेल टाका, एक तारखेपासून स्टोअरचं कोण बघणार ते कळवा. मी लिहिलं, ‘प्लीज मीट माय रिप्लेसमेंट’. पाठवायच्या आधी तिलाच दाखवलं. पोरगी ३२ वर्षांची, तीन वर्षं माझ्या हाताखाली आहे, कामाला वाघ. वाचून हसली आणि म्हणाली, ‘सर, मी काय बेअरिंग आहे का?’ हसली खरी, पण लागलं असणार.

मग ज्याला त्याला विचारत सुटलो. मुलगा म्हणतो सक्सेसर लिहा. अहो, सक्सेसर राजाचा असतो, स्टोअरवाल्याला कुठला सक्सेसर? डिस्पॅचमधला दोस्त म्हणतो रिलीव्हर. अकाउंट्सचे साहेब म्हणतात इन्कम्बंट. मोबाइलवर ‘उत्तराधिकारी’ टाकलं तर ‘एअर’ आलं. ते पाहून मुलगा म्हणाला, बाबा, फ्लॅट तिच्या नावावर करताय का? त्यात पोरीची ऑर्डर अजून निघालेली नाही. साहेब म्हणतात, ‘सध्या तिला बघू दे, मग बघू.’

बरोबर शब्द कोणता ते एका ओळीत सांगा. आणि खरं सांगू का, रिप्लेसमेंट मीच लिहिलं, पण नंतर मलाच ते वाचवेना.

– एक स्टोअरवाला, ऐरोली


स्टोअरवाले भाऊ, नमस्कार.

एका ओळीत सांगा म्हणालात, तर ती ओळ आधी देऊन टाकते. ऑर्डर निघेपर्यंत तिच्यासाठी नाम शोधूच नका, क्रियापदावर भागवा: ‘फ्रॉम द फर्स्ट, शी विल बी लुकिंग आफ्टर द स्टोअर्स.’ ऑर्डर निघाली की बेलाशक ‘माय सक्सेसर’ लिहा. घाईत असाल तर इथेच थांबलात तरी चालेल, बाकीचं रविवारी चहाबरोबर वाचा.

पण तुमचं शेवटचं वाक्य मला सोडवेना. शब्द स्वतः लिहायचा आणि स्वतःलाच तो वाचवू नये, असं का व्हावं?

तुम्ही स्टोअरचे, तेव्हा हे तुम्हाला मी काय सांगणार. माल येतो, इनवर्डला एंट्री होते, क्यूसीवाला मायक्रोमीटर लावून मान हलवतो, लाल रिजेक्शनचं लेबल लागतं, परतीचं चलन फाटतं आणि तुम्ही फोन उचलून विचारता, ‘रिप्लेसमेंट कधी पाठवताय?’ गेली २९ वर्षं हा शब्द तुम्ही याच अर्थाने वापरलात, आणि मेल जाणार आहे तो नेमका याच लोकांना. त्यांच्या लेखी रिप्लेसमेंटच्या आधी रिजेक्शन असतंच असतं. त्या एका ओळीत तुम्ही तिला खोक्यातून काढलेला नवा नग करून टाकलंत आणि स्वतःला परतीच्या चलनावर चढवलंत. ती बेअरिंग म्हणाली ते उगाच नव्हे. तिला शब्दाची एक बाजू बोचली, तुम्हाला दुसरी.

शब्द व्याकरणाने चुकलेला नाही, हेही सांगते. एचआरवाले दिवसभर ‘वुई आर लुकिंग फॉर अ रिप्लेसमेंट’ म्हणत असतात आणि त्यात कुणाचा अपमान होत नाही. कारण त्या वेळी माणूस ठरलेला नसतो, असते ती रिकामी खुर्ची. नाव ठरलं, माणूस समोर उभा राहिला, तीन वर्षं तुमच्या डब्यातली भाजी खाऊन झाली, की मग तोच शब्द उद्धट वाटायला लागतो.

रिप्लेसमध्ये ‘प्लेस’ आहे, म्हणजे जागा. मी राहते त्या ठाण्याचं जुनं नाव श्रीस्थानक, शिलाहार राजांच्या कोरीव लेखांमध्ये ते सापडतं, आणि ‘ठाणे’ हे त्या ‘स्थान’मधूनच आलेलं. त्यामुळे जागेचा विषय निघाला की मला हटकून पाणिनी आठवतो. (नौपाड्यात राहून इंग्रजी शिकवलं म्हणून काय झालं, आठवीपासून संस्कृत होतं.) एका वर्णाच्या जागी दुसरा वर्ण येतो, तेव्हा जाणाऱ्याला व्याकरणात ‘स्थानी’ म्हणतात आणि येणाऱ्याला ‘आदेश’. इति अधिक आदि, इत्यादि. इ गेला, त्याच्या जागी य आला. य हा आदेश. आमच्या संस्कृतच्या बाई एक जुनं वचन घोकून घ्यायच्या: शत्रुवदादेशः, मित्रवदागमः. आदेश शत्रूसारखा येतो, आधीच्याला हुसकून त्याच्या जागेवर बसतो. आगम मित्रासारखा येतो, शेजारी सरकून बसतो, कुणाला उठवत नाही. रिप्लेसमेंट हा शब्द कानाला जो लागतो, तो या शत्रुवत् येण्यामुळे.

मात्र त्याच पाणिनीचं आणखी एक सूत्र आहे, आणि तुमच्या मेलसाठी ते जास्त कामाचं आहे. स्थानिवदादेशोऽनल्विधौ. आदेशाला स्थानीसारखंच वागवावं. जुन्याला जे जे लागू होतं, ते नव्यालाही लागू. तुमचा मेल शेवटी एवढंच तर सांगणार आहे: चलनावर माझी सही चालत होती, आता तिची चालेल. सूत्राच्या शेवटी मात्र एक अपवाद लटकवलेला आहे, अनल्विधौ. जे कार्य खास त्या जुन्या वर्णामुळेच होत होतं, ते नव्याला मिळत नाही. पीओ, म्हणजे खरेदीचा कागद, हातात पडायच्या आधी निव्वळ तुमच्या फोनवर माल गाडीत चढवणारा एखादा व्हेंडर तुमच्याकडे असेलच. ते तिला आपोआप मिळणार नाही, कोणताही इंग्रजी शब्द लावलात तरी. ते तिचं तिला कमवावं लागेल. तुम्ही फार तर त्याला एक फोन करू शकता.

आणि गंमत बघा, ऑफिसात आपण आदेश म्हणतो ते ऑर्डरला. तुमच्याकडे तीच निघालेली नाही. तिथे येतेच, आधी तुमच्या मित्रमंडळींचे शब्द हातावेगळे करते.

डिस्पॅचवाल्या दोस्ताचा रिलीव्हर. तीन पाळ्यांच्या कारखान्यात हा शब्द सोन्यासारखा आहे. सकाळी सातला गेटवरचा वॉचमन रस्त्याकडे डोळे लावून बसलेला असतो तो याच माणसासाठी, आणि ‘रिलीव्हर आला नाही, डबल मारावी लागली’ हे वाक्य तर ठाणे-वाशी लोकलमध्ये रोज कानावर पडतं. रिलीव्ह म्हणजे हलकं करणं, अंगावरचं ओझं उतरवणं. पण रिलीव्हर येतो तो तुमची पाळी संपली म्हणून, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही परत त्याच मशीनवर असता. तुम्ही एक तारखेला परतणार नाही. तेव्हा ती रिलीव्हर नाही. रिलीव्हिंग लेटर मिळेल ते तुम्हाला, आणि ते नीट जपून ठेवा, पीएफच्या कामात लागलं तर शोधाशोध नको.

सब्स्टिट्यूट कुणी सुचवला नाही हे नवल, पण कुणीतरी सुचवेलच. हा शब्द क्रिकेटवाल्यांना विचारावा. सब्स्टिट्यूट फील्डिंग करतो, पण त्याला बॅटिंग नाही, बोलिंग नाही. डोक्याला मार बसून कुणी बाहेर गेला तर मात्र १ ऑगस्ट २०१९पासून आयसीसीने त्याच्या जागी येणाऱ्याला सगळं करायची मुभा दिली. त्याच महिन्यात लॉर्ड्सवर स्टीव्ह स्मिथच्या जागी मार्नस लाबुशेन उतरला आणि ५९ धावा करून गेला. बातम्यांमध्ये ‘कन्कशन सब्स्टिट्यूट’ असंच येत राहिलं, पण आयसीसीच्या नियमांत शब्द आहे ‘कन्कशन रिप्लेसमेंट’. पूर्ण अधिकार देऊन पाठवायचा, तर सब्स्टिट्यूट म्हणणं नियम लिहिणाऱ्याला पटलं नसावं. तुमच्या स्टोअरला हे लावून बघा. तुम्ही गावी गेलात आणि आठ दिवस तिने कारभार पाहिला, तेव्हा ती सब्स्टिट्यूट होती. आता नाही.

जाता जाता, या दोन शब्दांची दिशा उलटी आहे आणि भले भले त्यात घसरतात. चहात साखरेऐवजी गूळ घालायचा असेल तर ‘रिप्लेस शुगर विथ जॅगरी’, पण ‘सब्स्टिट्यूट जॅगरी फॉर शुगर’. रिप्लेसमध्ये जाणारा आधी येतो, सब्स्टिट्यूटमध्ये येणारा आधी. उलटं लिहिलंत तर गूळ जाऊन साखर येईल.

आपल्याकडे या सगळ्यासाठी एक अस्सल शब्द होता, बदली. गिरणगावात भोंग्याच्या आधी गेटवर बदली कामगार उभे असायचे. कायम कामगार आला नाही तर त्या दिवसापुरतं काम, आला तर चालत घरी. हा शब्द इतका चपखल होता की १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या इंग्रजी मसुद्यातही तो तसाच बसला होता, कलम २५-सीमध्ये, ‘बदली वर्कमन’. ज्याचं नाव मस्टरवर आहे अशा दुसऱ्याच्या जागी काम करणारा, अशी त्याची व्याख्या; आणि सलग वर्षभर नोकरी झाली की त्या कलमापुरता तो बदली राहत नसे. सबंध इंग्रजी भाषा हाताशी असताना कायदा लिहिणाऱ्यांनी हा आपला शब्द उचलला, याचा मला आजही आनंद होतो.

मला तो शब्द अंगावर घेतल्याचाही अनुभव आहे. माझी नोकरी सुरू झाली ती लीव्ह व्हेकन्सीवर, बाळंतपणाच्या रजेवर गेलेल्या बाईंच्या जागी. पोरं व्हरांड्यातून ओरडायची, ‘ए, बदलीच्या बाई आल्या रे!’ पोरांना शब्द बरोबर सापडला होता, चूक काढायला जागाच नव्हती. तरी मी दोन महिने त्यांच्यावर रुसले होते. त्यामुळे तुमच्या त्या सहकारी हसत काय म्हणाल्या ते सोडा, नंतर जेवताना गप्प होत्या का, ते आठवून बघा.

‘एअर’ निकालात काढायला एक वाक्य पुरे: तो रक्ताच्या किंवा मृत्युपत्राच्या नात्याने वारस, आणि स्पेलिंगमध्ये पुढे एच असूनही उच्चारात तो हवेत विरतो. तुमच्या मुलाचा विनोद बरोबर होता. पण गोंधळ इंग्रजीने घातलेला नाही, आपल्या ‘उत्तराधिकारी’ने घातला. आपण गादीच्या वारसालाही तो शब्द वापरतो आणि पदावर नंतर आलेल्यालाही. इंग्रजीत ही दोन माणसं वेगळी आहेत. चंद्रचूडांचं उदाहरण घ्या. यशवंतराव चंद्रचूड देशाचे सोळावे सरन्यायाधीश, १९७८ ते १९८५. त्यांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड पन्नासावे, २०२२ ते २०२४. मुलगा वडिलांच्या खुर्चीवर बसला, तरी इंग्रजीत त्यांना वडिलांचे सक्सेसर म्हणून कुणी ओळख करून देणार नाही. यशवंतरावांचे सक्सेसर न्यायमूर्ती भगवती. धनंजय चंद्रचूड हे न्यायमूर्ती लळितांचे सक्सेसर. घरच्या नात्याने पोटी कोण आलं ते एअर, खुर्चीवर पाठोपाठ कोण आलं ते सक्सेसर.

तेव्हा सक्सेसर राजाचाच असतो, ही भीती काढून टाका. लॅटिनमध्ये या शब्दाच्या मुळाशी ‘मागोमाग येणं’ एवढंच आहे. सक्सेससुद्धा त्याच घरातलं; जुन्या इंग्रजीत सक्सेस म्हणजे नुसतं ‘पुढे जे घडलं ते’, बरं किंवा वाईट. आपण हा शब्द इतिहासाच्या पुस्तकात राजांच्या यादीशेजारी पहिल्यांदा वाचला, म्हणून त्याला सिंहासनाचा वास येतो. सोसायटीच्या सेक्रेटरीला सक्सेसर असतो, शाळेच्या शिपायाला असतो. २९ वर्षं एका खुर्चीवर बसलेल्या माणसाला नसेल तर कुणाला असणार? मला तर वाटतं, ‘स्टोअरवाल्याला कुठला सक्सेसर’ हे तुम्ही इंग्रजीबद्दल लिहिलेलंच नाही. ते स्वतःबद्दल लिहिलंत.

आता ऑर्डर.

साहेब ‘मग बघू’ म्हणालेत. तुम्ही मेलमध्ये ‘माय सक्सेसर’ लिहिलंत आणि दोन महिन्यांनी वरून कुणी दुसराच आला, तर तिची पंचाईत होईल. व्हेंडर विचारतील, ‘मॅडम, तुम्हीच ना सक्सेसर?’ सक्सेसर म्हणजे नेमणूक पक्की. खुर्चीवर बसणं आणि सक्सेसर होणं यात अंतर असतं, आणि याला गुलझारीलाल नंदांहून मोठा साक्षीदार नाही. २७ मे १९६४ला नेहरू गेले, नंदांनी पंतप्रधानपद सांभाळलं, तेरा दिवस. ११ जानेवारी १९६६ला शास्त्रीजी गेले, पुन्हा नंदा, पुन्हा तेरा दिवस. दोनदा त्या खुर्चीवर बसले, पण शाळेतल्या कुठल्याही पोराला विचारा, नेहरूंनंतर कोण? शास्त्री. शास्त्रींनंतर? इंदिरा गांधी. नंदा ‘अ‍ॅक्टिंग’ होते, आणि अ‍ॅक्टिंगवाल्याला क्रमांक मिळत नाही.

तिच्यासाठी अ‍ॅक्टिंग लिहावं का? माझ्या मते नको. तो अधिकृत शब्द आहे, राज्यघटनेतही आहे. सरन्यायाधीशाची जागा रिकामी असेल तर कलम १२६खाली अ‍ॅक्टिंग चीफ जस्टिस नेमतात, पण तिथेही राष्ट्रपतींचा आदेश लागतोच. ऑफिशिएटिंग हा बँका-रेल्वेतला त्याचा चुलतभाऊ, त्याच्या पाठीमागे भत्ता असतो, म्हणून तोही कागदाशिवाय वापरू नये. डेझिग्नेट म्हणजे नेमणूक झाली, पण सूत्रं अजून हाती आली नाहीत. तुमच्याकडे प्रकार उलटा आहे, सूत्रं आली आणि नेमणूक नाही! या अवस्थेसाठी आपल्या ऑफिसच्या इंग्रजीने एक साधा, कुणालाही न दुखवणारा प्रयोग तयार ठेवला आहे, ‘लुकिंग आफ्टर’. त्यात खोटं काही नाही, वचनही नाही. तुमच्या साहेबांनी मराठीत ‘तिला बघू दे’ म्हटलं, त्याचंच हे इंग्रजी. साहेब नकळत बरोबर बोलले.

एक काम मात्र भाषेच्या बाहेरचं आहे आणि ते ३१च्या आत करा. साहेबांकडून दोन ओळींचा मेल घ्या, की एक तारखेपासून जीआरएनवर, म्हणजे माल मिळाल्याच्या नोंदीवर, आणि गेट पासवर सही तिची चालेल. ऑर्डर नंतर निघू दे. पहिल्याच आठवड्यात गेटवर गाडी अडकली आणि सिक्युरिटीने ‘मॅडम, तुमची सही आमच्या यादीत नाही’ म्हटलं, तर तिला सक्सेसर म्हणा नाहीतर महाराणी, गाडी काही हलायची नाही.

अकाउंट्सच्या साहेबांचा इन्कम्बंट. शब्द चांगला, पण तो कुणाच्या नंतर आलं ते सांगत नाही, आज खुर्चीवर कोण आहे एवढंच सांगतो. लॅटिनमध्ये अर्थ टेकून बसणं, रेलणं. म्हणजे ३१च्या संध्याकाळपर्यंत इन्कम्बंट तुम्ही. ‘न्यू इन्कम्बंट’ असं तिच्याबद्दल लिहिलंत तर चुकणार नाही, पण व्हेंडर डिक्शनरी उघडेल.

आणि ती तुम्हाला काय म्हणेल? प्रेडिसेसर. याच्या पोटात ‘निघून जाणं’ आहे. कार्यकाल संपवून जाणाऱ्या अधिकाऱ्यासाठी लॅटिनमध्ये जो शब्द होता, त्याच्यापासून तो आला. डिसीज्ड, म्हणजे मयत, हाही त्याच मुळाचा. ऐकून दचकू नका, नातं लांबचं आहे. खरा धोका वेगळ्या शब्दात आहे. आमच्या भागातल्या एका सोसायटीने नव्या कमिटीची नोटीस लावली आणि आधीच्या सेक्रेटरींना ‘आवर लेट सेक्रेटरी’ लिहिलं. गृहस्थ त्याच लिफ्टने भाजी घेऊन वर चालले होते. तुमच्या निरोपाचं बॅनर कुणी छापत असेल तर आधी वाचायला मागा. ‘आउटगोइंग’ म्हटलं तरी चालतं, फक्त आपल्याकडे त्या शब्दाने लोकांना मेंटेनन्सचं बिल आठवतं.

‘चार्ज देणं’ मात्र मला फार आवडतं, आणि ते तुम्ही खुशाल वापरा. चार्जचं मूळ आहे गाडीवर माल लादणं, आणि आपल्या ‘पदभारा’त भार आहेच. दोन्ही भाषांना खुर्ची म्हणजे ओझंच वाटलं, आणि तेही स्टोअरवाल्याच्या भाषेत. एवढंच सांभाळा, की ‘शी इज इन चार्ज ऑफ द स्टोअर्स’ म्हणजे स्टोअर तिच्या ताब्यात, आणि मध्ये एक ‘द’ घुसवून ‘शी इज इन द चार्ज ऑफ द स्टोअर्स’ लिहिलंत तर ती स्टोअरच्या ताब्यात. तुमच्या २९ वर्षांचा हिशेब मांडला तर कदाचित दुसरं वाक्यच जास्त खरं ठरेल. तसंच ‘टेकिंग ओव्हर फ्रॉम मी’ हे ठीक, पण ‘टेकओव्हर’ असं एकत्र नाम केलंत तर लोकांना वाटेल कंपनी विकली. आणि घाईत ‘शी हॅज ओव्हरटेकन मी’ लिहू नका, ते ठाणे-बेलापूर रस्त्यावर होतं.

मेल मी असा लिहीन:

‘डिअर ऑल, आय रिटायर ऑन द थर्टी-फर्स्ट. फ्रॉम द फर्स्ट, (इथे तिचं पूर्ण नाव) विल बी लुकिंग आफ्टर द स्टोअर्स. शी हॅज वर्क्ड विथ मी फॉर थ्री इयर्स अँड नोज युअर मटेरिअल अ‍ॅज वेल अ‍ॅज आय डू. प्लीज सेंड ऑल चलान्स, पेंडिंग रिजेक्शन्स अँड क्वेरीज टु हर. थँक यू फॉर ट्वेंटी-नाइन इयर्स.’

खाली तिचा नंबर आणि ऑफिसचा मेल. ‘विथ मी’ लिहिलंय ते बघा. तुमच्या पत्रात ती तुमच्या ‘हाताखाली’ आहे, ते मराठीत खपून जातं, पण इंग्रजीत ‘अंडर मी’ लिहून व्हेंडरांसमोर तिला लहान करू नका. उद्या भावावरून घासाघीस करायची आहे तिला त्यांच्याशी. ‘पोरगी’ही घरात ठेवा. तुम्ही मायेने म्हणता हे तिला माहीत आहे, व्हेंडरला माहीत नाही.

‘प्लीज मीट’ मी काढून टाकलं, कारण तीन वर्षांत त्यांच्यातल्या निम्म्या लोकांनी तिच्या शिव्या खाल्लेल्या असणार.

तुमची,
ताई

ता. क. – नावाच्या आधी मिस, मिसेस की मिझ, ते तिला विचारा. आडनावाचं स्पेलिंगही तिच्याकडूनच लिहून घ्या. आणि मेल पाठवताना तिला सीसीत ठेवा, बीसीसीत नको.